कळवायचा राहिलेला ठराव

३ फेब्रुवारी, बुधवार

…दूध वर आलं तसं मी पातेलं खाली उतरवलं. केर काढून झाला होता, अंथरुणं उन्हात टाकली होती, भांडी तेवढी राहिली होती. हे दारात उभे राहून चपलेत पाय घालत म्हणाले, "जरा कात्रीबाईंकडे जाऊन येतो. नळ बघायचाय." मी म्हटलं, "परवाच बघितलात की." हे पिशवीत पान्हा टाकून गेले. मी भांडी घासली, चर्चच्या किल्ल्या घेतल्या आणि बाकं पुसायला निघाले.

एवढीच ती सकाळ. कोणत्या वर्षातली तेही सांगता येणार नाही. पण आज ही नवी वही उघडून बसले तर तीच आधी हाताखाली आली, म्हणून लिहून टाकली.

वही पाळकांनी दिली. आमच्या मोहल्ल्यातल्या प्रेसबिटेरियन चर्चला जुलैमध्ये शंभर वर्षं होतात. त्याचा छोटासा इतिहास छापायचा आहे आणि तो मी लिहावा असं त्यांच्या मनात आहे. मी म्हटलं, "साहेब, मी चौथी शिकलेली बाई. एकतीस वर्षं तिथला केर काढला, इतिहास नाही." ते म्हणाले, "केर काढता काढता कपाटातली सगळी कागदपत्रं वाचून काढलीत असं कानावर आलंय." कोणी सांगितलं कोण जाणे. अगदीच खोटं नाही. फडकं मारायचं आणि एक पान वाचायचं, असं माझं चालायचं. शब्द अडला की यांना विचारायचं. यांनाही आला नाही तर दोघांनी मिळून अंदाज करायचा.

"आधी स्वतःपुरतं रोज थोडं लिहा, हात वळेल," पाळक म्हणाले. "ती वही कोणी बघणार नाही."

तेव्हा ही वही माझी एकटीची. हे जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी लांब असते. घर आवरायला आता अर्धा तास पुरतो. उरलेल्या दिवसाचं काय करायचं हा प्रश्न होताच.

६ फेब्रुवारी, शनिवार

कपाट उघडलं. इतिवृत्ताच्या नऊ जाड वह्या आहेत. आमच्याकडे बिशप वगैरे नसतात. सभासद आपल्यातून सहा एल्डर निवडतात, ते आणि पाळक मिळून वडीलमंडळ, आणि वडीलमंडळाला शिंक आली तरी तिचा ठराव होतो, सूचक-अनुमोदकासकट. म्हणूनच माझं काम सोपं आहे.

पहिली वही मजेची आहे. अकरा कुटुंबं, दोरखंडाच्या दुकानावरची एक खोली. खाली काथ्या भिजत घातलेला असायचा, त्यामुळे प्रवचनाला वास यायचा. मग पेटी वाजवावी की नाही यावर अकरा महिने वाद. जुनी मंडळी म्हणायची, देवाने गळा दिलाय तो पुरे. शेवटी ठराव झाला: पेटी ठेवावी, पण तिच्यावर चादर घालावी. पुढच्या वर्षीचा ठराव: चादर धुवायला नेली ती परत आली नाही, सबब पेटी वाजवण्यास हरकत नसावी.

मी एकटीच कपाटापुढे बसून हसले. चर्चमध्ये हसू घुमतं.

१० फेब्रुवारी, बुधवार

मास्तर आले होते. मास्तर म्हणजे सध्याचे वडीलमंडळाचे चिटणीस. आयुष्यभर शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहेत, पण लाल पेन खिशात असतंच. मी लिहिलेली पानं दर बुधवारी तपासायची असं त्यांनी स्वतःच ठरवलं आहे.

"बाई, इतिहासात 'म्हणे' चालत नाही. 'खाली काथ्या भिजत असे म्हणे.' कोण म्हणे?"

"दुसऱ्या वहीतले एल्डर म्हणे."

"मग तसं लिहा. आणि ही पेटीच्या चादरीची गोष्ट काढा."

"का?"

"लोक हसतील."

"हसू देत की. शंभर वर्षं झाली, आता कोणाला लागणार आहे?"

चार पानांना दोन तास बसले. दोनदा चहा झाला. एवढ्या चुका कुठे सापडतात यांना, देव जाणे. जाताना चष्मा विसरले. मागच्या वेळी छत्री विसरले होते. एवढा काटेकोर माणूस, पण वस्तूंच्या बाबतीत अगदीच गबाळा.

१४ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर कात्रीबाईंशी बोलले. वय चौऱ्याऐंशी. शिवणकाम करून आयुष्य काढलं, लग्न केलं नाही, आणि जिभेमुळे हे नाव पडलं. तोंडावर सगळे बाईच म्हणतात, मी मावशी म्हणते. माझी सहासष्टी झाली तरी मी त्यांना पोरच आहे.

"काय गं पोरी, इतिहास लिहितेस म्हणे. मी आहे का त्यात?"

"तुम्ही काय केलंत सांगा, घालते."

"शेवटच्या बाकावर बसून सात पाळक झिजवले. लिही तसं."

त्या कायम शेवटच्या बाकावर असतात. वर्षातून चारदा, मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, आमच्याकडे प्रभुभोजन असतं. पुढे लांबच लांब मेज मांडतात, सगळे घरच्या पंगतीसारखे दोन्ही बाजूंना बसतात, आणि भाकर हातातून हातात पुढे जाते. ज्याने त्याने शेजाऱ्याला द्यायची. मावशी त्या मेजावर आलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. पहिल्यापासून लोक म्हणतात, बाई हट्टी, त्यांना कोणी सांगू नये. आम्हीही कधी विचारलं नाही. ज्याचं त्याला माहीत.

यांचा मात्र त्यांच्यावर जीव होता. महिन्यातून दोनदा तरी नळ बघायला जायचे. मी चिडवायचे, "त्या नळाशी लग्नच का नाही केलंत?" घरी परत यायचे ते तोंड उतरवून. मला वाटायचं, तिथे बोलणी खाऊन आले असतील. आणि प्रभुभोजनाच्या रविवारी यांना हटकून पित्त व्हायचं. जेवायचे नाहीत. मी सुंठ घालून पाणी द्यायचे.

२२ फेब्रुवारी, सोमवार

सहावी वही. आज एक विचित्र पान लागलं. त्रेचाळीस वर्षांपूर्वीचं.

"शिवणकाम करणाऱ्या बाई रविवारी, प्रभूच्या दिवशी, शिलाईमशीन चालवताना आढळल्या. दोन एल्डर समजावण्यास गेले असता 'मग नवरीला चादर गुंडाळून उभी करा' असे उद्धट उत्तर दिले. काम कोणाचे, असे विचारले असता सांगण्यास नकार दिला. बाई येऊन पश्चात्ताप व्यक्त करीपर्यंत त्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवावे. सर्वानुमते."

म्हणजे मावशी मेजावर येत नाहीत ते हट्टाने नाही. त्यांना काढलं होतं.

दुपारभर तेच डोक्यात. पुस्तकात घ्यायचं का? मला वाटतं नाही. माणूस जिवंत आहे, समोर बसतं.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

आज आणखी वाचलं. लिहायला हात होत नाही, पण ही वही त्यासाठीच आहे.

त्याच वहीत, दोन वर्षांनंतर, १२ सप्टेंबर, ठराव सातवा: "ज्येष्ठ एल्डर यांनी उभे राहून सांगितले की तो रविवारचा पोशाख त्यांच्याच कन्येच्या लग्नाचा होता आणि कापड त्यांच्याच घरून शुक्रवारी संध्याकाळी देण्यात आले होते. बाईंनी हे आजवर कोणाला सांगितले नाही. वडीलमंडळाला खेद होतो. बाईंना प्रभुभोजनास पुन्हा घेण्यात यावे, आणि वडीलमंडळाचा खेद व हा ठराव त्यांना समक्ष कळवावा. कळवण्याचे काम नवीन एल्डर…" आणि पुढे यांचं नाव.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. यांचंच नाव.

१४ सप्टेंबरला आमची लेक झाली. दिवस भरायच्या आधी झाली, माझ्या जिवावर बेतलं होतं. हे दवाखान्याच्या पायरीवर आठ दिवस बसून होते. ठराव कोणाच्या लक्षात राहणार?

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण पुढचं पान उलटलं. १० ऑक्टोबर: "बाईंना ठराव कळवला काय, अशी विचारणा झाली. कळवला, असे नवीन एल्डर यांनी सांगितले." आणि डिसेंबरात: "बाई प्रभुभोजनास आल्या नाहीत. ठराव कळवलेला असल्याने हा आता त्यांचा व प्रभूचा प्रश्न आहे. विषय बंद."

पण मावशींना कोणी कळवलेलंच दिसत नाही. कळवलं असतं तर त्या अशा बसल्या असत्या का? आणि वडीलमंडळातलं बोलणं बाहेर काढायचं नाही हा दंडक, त्यामुळे बाकी कोणाला पत्ताच नाही. त्या वेळचे सगळे एल्डर आता गेले.

हे खोटं बोलले. चार ओळींत लिहिलेलं आहे, सुवाच्य अक्षरात.

२४ फेब्रुवारी, बुधवार

मास्तर आले. मी त्यांना काही सांगितलं नाही, चहात साखर घालायला विसरले. त्यांनी तसाच प्यायला, आणि "आज चहा छान झालाय" म्हणाले.

यांच्या फोटोशी भांडले आज. "निदान मला तरी सांगायचं," म्हटलं. उत्तर नाही. जिवंत होते तेव्हाही भांडणात कधी उत्तर देत नसत.

२७ फेब्रुवारी, शनिवार

लेकीचा फोन. तिला सगळं वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "आई, बाबा सज्जन माणूस म्हणून गेले. लोक अजून नाव काढतात. आता कशाला?"

"मावशी अजून बसते ना शेवटच्या बाकावर."

"चाळीस वर्षं बसल्या. सवय झाली असेल त्यांना."

"सवय झाली म्हणून बरोबर झालं का?"

"तू नेहमी अशीच. मला काय विचारतेस मग? करायचं ते करशीलच." मग रडवेली होऊन म्हणाली, "माझ्यामुळे झालं का गं हे?"

"तुझ्यामुळे काही नाही. तू दीड किलोची होतीस. तुला कसलं कळतंय ठरावातलं?"

तेव्हा हसली. मी फोन ठेवला आणि वही परत कपाटात ठेवून आले. एक मन म्हणतं, तिथेच असू दे.

मग आठवलं, हे तीनच वर्षं एल्डर होते. पुन्हा उभे राहा म्हणून लोकांनी किती गळ घातली. "गुडघे दुखतात," म्हणाले. चौतिसाव्या वर्षी. आणि पुढे पस्तीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांखाली गुडघ्यांवर बसून कामं केली.

७ मार्च, रविवार

आज प्रभुभोजन होतं. मेज मांडलं, पांढरा कपडा मीच इस्त्री करून दिला होता. पाळक दर वेळी म्हणतात तेच म्हणाले: कोणाच्या मनात कोणाविषयी काही राहिलं असेल, कोणाचं देणं लागत असाल, तर आधी जाऊन ते मिटवा, मग मेजावर या. चाळीस वर्षं हे ऐकते आहे. त्यासाठी कधी कोणाकडे वळले नव्हते.

आज उठले. सगळे मेजाकडे चालले होते, मी उलटी फिरले आणि शेवटच्या बाकावर मावशींच्या शेजारी जाऊन बसले.

त्यांनी मान तिरकी करून बघितलं. "काय गं, तुला पण काढली का?"

मला हसू आलं आणि रडूही. "नाही, मावशी."

"मग इथे काय करतेस? जा, भाकर संपेल."

"तुमच्याशी बोलायचंय. त्याशिवाय जाता येत नाही."

दोघी बसून राहिलो. लांबून मेज बघायला वेगळंच वाटतं. सगळ्यांच्या पाठी दिसतात.

उपासना संपली, लोक गेले. मास्तर दारापाशी घुटमळत होते, त्यांना हाताने 'जा' म्हटलं. मग कपाटातून सहावी वही आणली आणि मावशींना ठराव वाचून दाखवला. खालचं ऑक्टोबरातलंही वाचलं. डिसेंबरातलंही. काही गाळलं नाही.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.

पुन्हा वाचला.

"खेद होतो, असं लिहिलंय?"

"हो."

"कोणाच्या अक्षरात?"

"तेव्हाच्या चिटणीसांच्या."

त्या बोटांवर काही मोजायला लागल्या. कापड मोजतात तशा, अंगठा पेरांवर सरकवत. "ठरावाला एक्केचाळीस वर्षं झाली. एक्केचाळीस चोक एकशे चौसष्ट. तो डिसेंबर आणि आजचं धरून एकशे सहासष्ट. एकशे सहासष्ट वेळा मी इथून पाठी बघितल्या."

मी म्हटलं, "मावशी, यांच्या वतीने मी…"

"तू गप." काठी घेतली आणि उठल्या. दारात हात धरायला गेले तर झटकला.

११ मार्च, गुरुवार

तीनदा गेले. दार उघडलं नाही. आत मशीन चालू असल्याचा आवाज येतो. डोळ्यांना दिसत नाही म्हणून दोन वर्षांपासून बंद ठेवलेलं मशीन. दोरा न ओवता नुसतंच चालवत असतील.

मी चुकले का? मी गप्प राहिले असते तर त्या होत्या तशा होत्या. आता एकशे सहासष्ट हा आकडा घेऊन बसल्या आहेत, तो मी दिला.

१९ मार्च, शुक्रवार

आज सकाळी मावशी स्वतः आल्या. इतक्या पायऱ्या चढून. धापा टाकत खुर्चीत बसल्या आणि पहिलं वाक्य: "चहा टाक, भांडायला आलेय."

चहा टाकला.

"बारा दिवस तुझ्या नवऱ्याला शिव्या दिल्या. आता संपल्या. तू सांग, तो माझ्याकडे पहिल्यांदा कधी आला?"

"मला काय माहीत?"

"लेक झाली तुला, त्याच महिन्याच्या शेवटी. दारात उभा. मला वाटलं, हा नवा एल्डर उपदेश करायला आला. मी कडाडले, काय काम काढलंत? तर म्हणतो, तुमचा नळ गळतोय का? मी म्हटलं, नाही. म्हणतो, तरी बघतो."

मी कप खाली ठेवला.

"मग पंधरा दिवसांनी परत. नळ बघतो. पोरी, माझा नळ कधीच गळत नव्हता. आत यायचा, पान्हा हातात घेऊन उभा राहायचा, तोंड उघडायचा, मिटायचा. मला त्या माणसाची दया यायची. पुढे पुढे तो यायच्या आधी मीच नळ जरा सैल करून ठेवायचे. येतोय बिचारा तर हाताला काहीतरी काम नको का?"

"तुम्हाला कधी वाटलं नाही, का येतो म्हणून?"

"वाटलं, नळाचं वेड आहे. माणसांना कसलीही वेडं असतात." कप बाजूला सारला. "तो सांगायलाच यायचा गं. दर वेळी सांगायला यायचा. अडतीस वर्षं."

आम्ही दोघी रडलो. खोटं कशाला लिहू? मला वाटतं, ते गेल्यानंतर इतकं बरं रडणं हे पहिलंच. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "माझं पण ऐक. मला 'येऊन पश्चात्ताप व्यक्त करा' म्हणाले होते. नाही गेले. पण नुसतं विचारायला गेले असते, काय ठरलं माझं, तर दोन मिनिटांचं काम होतं. मी म्हटलं, गरज असेल तर ते येतील. तो येत होता आणि बोलत नव्हता, मी बसले होते आणि विचारत नव्हते. दोघंही सारखेच शहाणे."

"पण तेव्हाच सांगायचं ना, पोशाख कोणाचा ते?"

"गिऱ्हाईकाचं नाव सांगायचं नसतं. आणि लग्नाच्या पोरीच्या बापाला सगळ्यांपुढे खाली बघायला लावायचं? पोरगी गोड होती. बाह्या मात्र तिला घट्टच झाल्या."

जाताना मी विचारलं, "मग जूनमध्ये याल ना मेजावर?"

"मला कळवलंय का कोणी?"

"मी वाचून नाही का दाखवलं?"

"ती चुगली झाली. कळवणं नव्हे. वडीलमंडळाने कळवायचं ठरवलं होतं ना? मग कळवू दे. रीतसर काढलं, रीतसर घेऊ दे." आणि काठी आपटत उतरल्या.

२४ मार्च, बुधवार

मास्तरांना सगळं सांगितलं.

"वडीलमंडळातलं बाहेर आणता येत नाही," ते म्हणाले.

"बाहेर आलंय. मी आणलंय. आता काय करणार, मलाही काढणार?"

"बाई, मी वीस वर्षं चिटणीस आहे. त्या वह्या माझ्या ताब्यात होत्या. मी एकदाही उघडून वाचल्या नाहीत." लाल पेन खिशातून काढलं, परत ठेवलं. "तुम्ही केर काढताना वाचल्यात."

"ही तरी कुठे वाचली होती? पहिल्या चारच झाल्या होत्या माझ्या."

दोघंही एकदम हसलो. मग म्हणाले, पाळकांशी बोलतो.

२१ एप्रिल, बुधवार

वडीलमंडळाची एक सभा झाली, निष्पन्न काही नाही. एक एल्डर म्हणाले, नवीन ठराव करून बाईंना घेऊ. मास्तर म्हणाले, करता येत नाही, जुना ठराव रद्द झालेला नाही, तो आजही उभा आहे, एकाच गोष्टीसाठी दोन ठराव म्हणजे पहिला नव्हताच असं होईल. मग काय करायचं? कळवायचं राहिलंय, तेवढंच करायचं. कोणी? तर त्यावर पुन्हा वाद. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "बघ, मी उगाच का बसले होते मागे? पुढे हे चालतं."

इतिहासाची पन्नास पानं झाली. पेटीची चादर ठेवली आहे. मास्तरांनी यावेळी खोडली नाही.

१३ मे, गुरुवार

आज सहाव्या वहीचा भाग लिहिला. सहा ओळी. पोशाख, ठराव, खेद, आणि कळवण्याचं काम ज्यांना दिलं होतं त्यांनी ते केलं नाही आणि केल्याचं सांगितलं. यांचं नाव लिहिलं. आधी 'एका एल्डरने' असं लिहिलं होतं, मग खोडलं. बाकी सगळ्यांची नावं आहेत, अगदी चादर हरवणाऱ्याचंही. यांचंच का लपवू?

नळाचं लिहिलं नाही. ते इतिहासात बसत नाही. ते माझं.

लेकीला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, "ठीक आहे." मग म्हणाली, "बाबांना बरं वाटलं असतं, आई." मला तसं काही सांगता येत नाही. पण आज बऱ्याच दिवसांनी दोन्ही वेळ पोटभर जेवले.

२ जून, बुधवार

मास्तरांना नियमांच्या पुस्तकात तीन आठवड्यांनी पाहिजे ते सापडलं. मला कागदाच्या चिठ्ठीवर उतरवून आणून दाखवलं. निर्णय समक्ष कळवण्यासाठी वडीलमंडळ "योग्य व्यक्तीस" नेमू शकतं. एल्डरच पाहिजे असं नाही.

"मग योग्य व्यक्ती कोण?" मी विचारलं.

"शनिवारी ठरेल," म्हणाले आणि चहा घेतला. आज पानं तपासायची काहीच नव्हती, हस्तलिखित छापायला गेलं आहे. तरी दोन तास बसले. आज काही विसरले मात्र नाहीत. "बुधवारी येतो," म्हणून गेले. कशासाठी ते विचारायचं राहिलं.

७ जून, सोमवार

शनिवारी सभा झाली. मी बाहेर पायरीवर बसले होते. अर्ध्या तासात मास्तर वही घेऊनच बाहेर आले आणि मला शाई वाळायच्या आत वाचून दाखवलं: "ठराव सातवा, एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा, कळवायचा राहिला आहे. त्या वेळी नेमलेल्या एल्डरांचे काम त्यांच्या पत्नीने पुरे करावे. वडीलमंडळाचा खेद तेव्हाचा आणि नंतरच्या एक्केचाळीस वर्षांचाही कळवावा. सर्वानुमते." माझ्या हातात नक्कल दिली. खाली सहा सह्या आणि पाळकांची. मी नीट घडी करून घेतली.

घरी येऊन तीनदा मोठ्याने वाचून बघितलं, अडखळायला नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, उपासनेच्या तासभर आधी मी मावशींच्या दारात गेले. आत ये म्हणाल्या, पण मी आत गेले नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून ठराव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्यांनीही तो उभं राहून ऐकला. मग आम्ही दोघी चर्चला गेलो, मेजावर शेजारी शेजारी बसलो, आणि भाकर माझ्याकडे आली तेव्हा मी ती त्यांच्या हातात दिली.